लांजेवार पद्धत

मला माणसांची किळस येते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला झाडांवर जीव टाकणारी हळवी बाई समजायला नको. झाडांचं मला फारसं कळत नाही. आमच्या अंगणात सासऱ्यांनी लावलेलं जांभळाचं झाड होतं आणि दर जूनमध्ये त्याच्याखाली जो चिकट चिखल व्हायचा, तो झाडताना मी तीस वर्षं त्या झाडाला शिव्या घातल्या. पण रायपूर राजधानी झाल्यावर आमच्या कॉलनीने आपल्या म्हाताऱ्या झाडांचं जे केलं, ते बघून तोंडाची चव गेली ती अजून परत आलेली नाही.

आमची कॉलनी पंडरी बाजाराच्या मागे. सत्तर सालाच्या सुमारास नागपूर, भंडारा, वर्ध्याकडून रेल्वेत आणि सरकारी कचेऱ्यांत नोकरीला आलेल्यांनी इथे प्लॉट घेतले. प्लॉट मोठे, घरं दोन खोल्यांची. उरलेल्या जागेत ज्याने त्याने आंबा, जांभूळ, आवळा, कडुनिंब लावला. दोन हजार साली छत्तीसगढ वेगळं राज्य झालं. भोपाळहून फायली आल्या, फायलींमागे साहेब आले, साहेबांमागे गाड्या आल्या. दोन खोल्यांच्या जागी तीन मजले उभे राहिले आणि झाड तेवढं मधेच राहिलं, जेवणं उरकल्यावरही न उठलेल्या पाहुण्यासारखं. मग कोणी बुंध्यापर्यंत फरशी घातली, कोणी एसीची गरम हवा थेट पानांवर सोडली. कोपऱ्यावरच्या एका सभ्य गृहस्थाने बुंध्याला भोकं पाडून आत हिंग भरला, कारण उभं झाड तोडायला परवानगी मिळायला वेळ लागतो आणि मेलेल्याला ती लवकर मिळते. हाच माणूस रोज सकाळी आंघोळ करून तुळशीला पाणी घालताना दिसायचा.

या सगळ्यांच्या दारात जाऊन भांडणारा एकच माणूस होता, रामकृष्ण लांजेवार. मूळचे भंडाऱ्याकडचे. रेल्वेच्या बंगल्यांच्या बागांत माळी म्हणून लागले आणि मुकादम होऊन रिटायर झाले. अंगाने किडकिडीत, आवाज मात्र प्लॅटफॉर्मवर ऐकू जाईल असा. सायकलच्या हँडलला पिशवी, पिशवीत करवत, पटाशी, खुरपं, आणि झाडांना ठोकलेल्या ट्यूशनच्या पाट्या उपटायला पक्कड. उन्हाळ्यात उरला-बीरगावकडच्या कारखान्यांची काळी राख पानांवर बसली की लोकांच्याच नळाला लोकांचीच नळी लावून झाडं धुऊन काढत. पैसे घेत नसत. काळा चहा घेत, तोही आधी झाड बघून झाल्यावर. माझ्या सासूबाई गेल्या त्या दिवशीसुद्धा ते आधी जांभळाकडे गेले, बुंध्यावर हात फिरवला, आणि मग ओसरीवर येऊन टेकले. मला त्याचा फार राग आला होता.

"माणसाले सांगायले तोंड असते वहिनी," ते म्हणाले. "याले कोण विचारते?"

त्यांना जगात एकच गोष्ट हवी होती. आपल्या हाताखालची म्हातारी झाडं आपल्याआधी जाऊ नयेत.

त्यांची खरी ख्याती होती ती सिमेंटची. जुनी फांदी मोडली की बुंध्याला ढोली पडते, तिच्यात पाणी साचतं, मुंग्या होतात. रामकृष्णजी ती ढोली भरून देत. हे त्यांना त्यांच्या उस्तादाने, नत्थू मुकादमाने शिकवलं होतं. आधी पटाशीने सडकं लाकूड खरवडायचं, औषधाचं पाणी मारायचं, विटांचे तुकडे बसवायचे आणि वरून सिमेंटचा लेप द्यायचा. दाताचा डॉक्टर दात भरतो तसं. शेवटी गेरू आणि काजळी कालवून त्यावर साल रंगवत, इतकी हुबेहूब की खार फसून वर चढायची. आमच्या जांभळाची ढोली त्यांनी एक्क्याण्णव साली भरली. तिच्यात साळुंक्या राहायच्या, त्यांना दोन दिवस आधी हाकललं. काम झाल्यावर रामकृष्णजी चार पावलं मागे सरकून उभे राहिले आणि म्हणाले, "आता शंभर वर्सं पाहू नका याच्याकडं." सासऱ्यांनी त्या दिवशी त्यांना नवं धोतर दिलं. कॉलनीत आणि आसपास अशी सदतीस झाडं त्यांच्या हातची होती. प्रत्येकाचं घर, साल आणि जात त्यांना तोंडपाठ होती.

आता पियुषचं सांगायला हवं. आमच्या शेजारचं घर त्याच्या आजोबांचं, म्हणजे तोही आपल्यातलाच, पण मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देणाऱ्या पिढीतला. राजधानी झाल्यावर त्याने गाड्यांची एजन्सी घेतली, आजोबांचं घर पाडलं आणि समोरून काळा चकचकीत दगड लावलेली इमारत उभी केली. तिच्याकडे पाहिलं की मला बसस्टँडवरचा नवा संडास आठवतो. आजोबांचा आंबा त्याने तोडला नाही, पण सगळं अंगण सिमेंटने लिंपून घेतलं, बुंध्याला अगदी खेटून, बोटभर माती दिसू न देता.

रामकृष्णजी त्याच्या फाटकात उभे राहून कडाडले, "पोट्ट्या, काहून गळा दाबून राहिला रे त्याचा? तो पानी कुठून पिईन?"

पियुष गाडी पुसत होता. वर न बघता म्हणाला, "काका, आप भी तो सीमेंट ही भरते हो. आपका अंदर है, हमारा बाहर है. इतना ही फरक है."

रामकृष्णजींनी सायकल वळवली. मी कुंपणापलीकडून ऐकत होते आणि त्या पोराचा उद्धटपणा बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या दिवशी मी रामकृष्णजींना दोन वेळा चहा दिला.

पुढच्या वर्षी, दोन हजार नऊच्या मे महिन्यात, पियुषने आमच्या जांभळाविरुद्ध अर्ज केला. फांद्या त्याच्या गच्चीवर झुकल्यात, गाडीवर डाग पडतात, झाड म्हातारं आहे, कधीही पडेल. चौकशीला उद्यान विभागातून अनुश्री नावाची मुलगी आली. अभनपूरच्या मराठी घरातली, शेतकी शिकलेली, पायात धुळीचे बूट. सोबत लाकडी हातोडी. तिने बुंध्याभोवती फिरत ठोकून पाहिलं, कान लावला, पुन्हा ठोकलं. रामकृष्णजी इस्त्रीचा शर्ट घालून सकाळपासून हजर होते. पियुष फाटकाशी उभा होता.

"ही ढोली कोणी भरली?" तिने विचारलं.

"मी," रामकृष्णजी म्हणाले. "अठरा वर्सं झाली. चीर नाई पडली."

"काका, हे काढून पाहावं लागेल."

मला वाटलं ते नाही म्हणतील. पण माणूस अभिमानाने आंधळा झालेला. मुलीला काम दाखवायचं होतं. "पाहा ना जी," म्हणत त्यांनी स्वतःच पिशवीतून पटाशी काढली आणि लेपाच्या कडेला लावली. चारपाच घावांत कड सुटली. मग अख्खी थाळीएवढी खपली एकदम खाली आली आणि तिच्यामागून काळं पाणी भळकन त्यांच्या पायावर पडलं.

त्या वासाचं वर्णन मी करणार नाही. घरात उंदीर मरून चार दिवस झाल्यावर कपाट सरकवताना जो वास येतो, त्याची आठवण काढा आणि पुढे चला. आत लाकूड नव्हतंच. काळा लगदा होता आणि त्यात अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. रामकृष्णजींनी बाही सारली आणि हात आत घातला. कोपरापर्यंत गेला, दंडापर्यंत गेला, तरी घट्ट काही लागेना. हात बाहेर काढून ते त्याच्याकडे बघत उभे राहिले. पियुषने नाकाला रुमाल लावला.

अनुश्री बिचारी सभ्य होती. हळू आवाजात म्हणाली, "काका, आधी सगळे असंच करायचे. आता नाही करत. वाऱ्याने झाड हलतं, सिमेंट हलत नाही. मधे फट पडते, पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाटच नसते. उघडी ढोली असती तर वाळली असती. पोकळ झाडं पुष्कळ वर्षं उभी राहतात."

"म्हंजे म्या सडवलं," रामकृष्णजी म्हणाले.

तिने हातोडी खाली ठेवली. "हे आता ठेवता येणार नाही," ती म्हणाली. "पण बाकीच्यांचं सिमेंट लवकर काढलंत, तर त्यातली बरीच वाचतील."

जांभूळ दोन दिवसांत कापून नेलं. पियुषची गाडी आता उन्हात उभी राहते आणि त्याची कुरकुर तो मलाच ऐकवतो. मी मात्र त्या दोन दिवसांत रामकृष्णजींना पाणीसुद्धा विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला त्यांचीही किळस आली होती. त्या हाताची, त्या इस्त्रीच्या शर्टाची, अठरा वर्षांच्या त्या आत्मविश्वासाची. आणि ओंडके उचलले जात असताना मनात एक आणखी घाण विचार येऊन गेला, की या शहाण्याने तोंड बंद ठेवलं असतं आणि पटाशी काढलीच नसती तर झाड अजून असतं. खाली पियुषची चार वर्षांची मुलगी खेळायची, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

रामकृष्णजी दुसऱ्याच दिवसापासून उरलेल्या छत्तीस घरांच्या दारात जायला लागले. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना रागावून सांगितलं, तो आता हात जोडून सांगत होता की माझं चुकलं, मला माझं काम फोडू द्या. कोणी फोडू देईना. एक म्हणाला, चांगलं दिसतंय, कशाला घाण करता. एकाने नुकताच त्यावर ऑइलपेंट मारला होता, कुंपणाला मॅचिंग. रमाबाई म्हणून आमच्याच ओळखीच्या, त्यांच्या कडुनिंबाला रामकृष्णजींनी गुळगुळीत लेप दिला होता. त्या गुळगुळीत जागेवर त्यांनी देवांच्या फोटोंच्या टाइल्स चिकटवल्या होत्या, हनुमान, साईबाबा आणि लक्ष्मी, जेणेकरून येणारे-जाणारे तिथे लघवी करणार नाहीत.

"देवावर हातोडा मारता का भाऊ?" त्या म्हणाल्या. "तुमाले चालते, मले नाई चालत."

म्हणजे मुतऱ्यांना अडवायला देव बसवला तेव्हा देवाचा अपमान झाला नाही, झाड वाचवायला उतरवला तर होतो. मी तिथे होते. त्यांच्या घरचं पाणी प्यायचं मी तेव्हापासून सोडलं.

महिनाभर असा फिरून झाल्यावर रामकृष्णजी आमच्याकडे आले. ओसरीवर बसले. आता बघायला झाडच नव्हतं, म्हणून चहा लगेच घेतला.

"वहिनी, तुमची हिंदी सरकारी आहे. मले एक अर्ज लिहून द्या. सगळे पत्ते टाका. खाली लिहा का हे सारे झाडं म्या माह्या हातानं बिघडवले, कोनी ऐकून नाई राहिलं, तर सरकारनं मानसं पाठवून सिमेंट काढावं."

माझी अख्खी नोकरी कचेरीच्या आवक-जावक विभागात गेली. अर्ज कसा लिहायचा हे मला शिकवू नये. छत्तीस पत्ते ओळीने लिहिले, समोर झाडाची जात आणि भरल्याचं साल. पण 'बिगाड़े' हा शब्द लिहायला पेन उचलेना. म्हाताऱ्या माणसाच्या सहीच्या वर असं काही असू नये असं वाटलं, आणि सरकारी कागदावर इतकं उघडं कोणी लिहीतही नाही. मी लिहिलं, 'उपर्युक्त वृक्षों में प्रार्थी द्वारा स्वयं सीमेंट भराई की गई है. अतः निवेदन है कि उचित कार्यवाही करने की कृपा करें.' सिमेंट काढणं मी त्या 'उचित कार्यवाही'तच धरलं होतं. रामकृष्णजींनी वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं.

"बिघडवले लिहिलं का?"

"तेच आहे ते," मी म्हटलं. "सरकारी भाषेत असंच लिहितात."

त्यांनी विश्वासाने सही केली.

अनुश्रीची तोवर बदली झाली होती. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर करत शेवटी आमच्या वॉर्डातल्या राजधानी शोभा समितीकडे गेला. ही समिती म्हणजे चौकात कारंजं बसवणारी आणि डिव्हायडरवर प्लास्टिकचे फ्लेमिंगो उभे करणारी मंडळी. त्यांनी अर्ज वाचला आणि त्यांना त्यात जे दिसलं ते बरोबरच दिसलं. एका रिटायर माणसाने स्वखर्चाने, स्वतःच्या हाताने छत्तीस वृद्ध वृक्षांची सेवा केली आहे, आणि तो उचित कार्यवाही मागतो आहे. आता अशा माणसाबाबत उचित कार्यवाही काय असते? शाल आणि नारळ.

जुलैत वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात सत्कार झाला. मांडवाचे दोर चौकातल्या कडुनिंबाला करकचून बांधले होते आणि त्याच कडुनिंबाला समितीच्या अध्यक्षांचा फ्लेक्स खिळ्यांनी ठोकला होता. रामकृष्णजींना वाटलं होतं की चौकशीला बोलावलंय. ते पिशवी घेऊन आले होते, पटाशीसकट. त्यांना हाताला धरून स्टेजवर चढवलं, पिशवी काढून बाजूला ठेवली, शाल घातली. अध्यक्षांनी माझा अर्ज माइकवर वाचून दाखवला, शब्द न शब्द. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. माझंच वाक्य भोंग्यातून ऐकताना मला स्वतःची जी शिसारी आली, ती त्या जांभळाच्या ढोलीपाशीही आली नव्हती.

मग रामकृष्णजींनी माइक हातात घेतला. हिंदी त्यांना जमत नसे, तरी बोलले. "मैंने ये सब पेड़ सड़ाए हैं. सीमेंट मत भरो. मेरे को निकालने दो."

मग अध्यक्ष हसले, माइक परत घेतला आणि म्हणाले, "देखिए, इसको कहते हैं विनम्रता." टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत पियुषही वाजवत होता, समितीला त्याने खुर्च्या दिल्या होत्या. अध्यक्षांनी तिथेच जाहीर केलं की मेन रोडच्या सगळ्या जुन्या झाडांच्या ढोल्या आता याच पद्धतीने भरल्या जातील आणि या कामाला 'लांजेवार पद्धती' म्हटलं जाईल. रामकृष्णजींनी गर्दीत मला शोधलं. रागाने नाही, नुसतं विचारल्यासारखं बघितलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून हसता आलं असतं, पण हा मारुती माझ्या हातचा होता.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. शब्द मी बदलला, असं. ते खाटेवर बसून होते, शाल घडी करून उशाशी ठेवलेली.

"तुमी माही लाज झाकली वहिनी," ते म्हणाले. "मी पन झाडाची ढोली झाकली. आता पाहा."

मी नवा अर्ज लिहिला, 'बिगाड़े' सकट. त्याची पोच मिळाली, पुढे काही झालं नाही. समितीच्या कचेरीत गेले तर तिथला पोरगेला कारकून म्हणाला, दीदी, काम सँक्शन झालं आहे, आता रुकणार नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मेन रोडवर मिक्सर येऊन उभा राहिला. पहिला नंबर चौकातल्या त्याच कडुनिंबाचा. दोन मिस्त्री, गावाकडचे छत्तीसगढी, चांगले कष्टाळू. त्यांनी ढोलीतून साळुंकीची पिल्लं काढून एका खोक्यात ठेवली आणि भराई केली. ना खरवडणं, ना औषध. दुपारी एकला ते पलीकडच्या हॉटेलात जेवायला गेले. मी भाजी घेऊन येत होते. रामकृष्णजी झाडापाशी गुडघ्यांवर बसले होते आणि खुरप्याने ओलं सिमेंट ओढून काढत होते.

"ओलं आहे तंवर निघते," ते म्हणाले. "वाळलं का मंग पटाशीच लागते, अन् पटाशी माराले कोनी देत नाई."

मी घरी जाऊन उलथनं आणि कणीक मळायची परात घेऊन आले. ते उलथनं आता स्वयंपाकाच्या कामाचं राहिलेलं नाही. सिमेंटने बोटं चरचरत होती आणि रस्त्याने जाणारे मोबाइलवर फोटो काढत होते. दीड वाजता मिस्त्री परत आले. त्यांनी परात बघितली, ढोली बघितली.

"बबा, हमन ला झन खिसिया," त्यातला थोरला, आमच्यावर रागावू नका अशा अजिजीने म्हणाला. "ठेकेदार कहे हे."

रामकृष्णजी त्याच्यावर रागावले नाहीत. मिस्त्र्याने मिक्सर फिरवला आणि संध्याकाळपर्यंत ढोली पुन्हा भरली; ते गेल्यावर आम्ही तेही ओलं असतानाच उपसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भरलं, एकला ते जेवायला गेले तेव्हा आम्ही काढलं, त्यांनी पुन्हा भरलं, संध्याकाळी आम्ही पुन्हा काढलं. तिसऱ्या दिवशीही तसंच. पुढच्या झाडाकडे ते सरकू शकले नाहीत आणि आम्हीही नाही.

चौथ्या दिवशी सकाळची भराई झाली, पण एक वाजला तरी मिस्त्री तिथून हलले नाहीत. ठेकेदाराने त्यांना डबा घेऊन यायला सांगितलं होतं. झाडाला टेकून, ढोलीच्या बरोबर खाली, ते भात खायला बसले. थोरल्याने आम्हालाही बस म्हटलं, एक वाटी पुढे केली. रामकृष्णजी त्यांच्यासमोर फुटपाथवर खुरपं मांडीवर घेऊन बसले आणि मी त्यांच्या शेजारी बसले. ऊन चांगलं कडक पडलं होतं. वर ढोलीत सिमेंट वाळत होतं.